निंबोळीचा हिशेब गावाच्या आराखड्यात

ग्रामपंचायत विकास आराखड्यात शेतीच्या रकान्याखाली बहुधा पाणंद रस्ता, शेततळे आणि गोदाम यांचीच नोंद आढळते. कीड व्यवस्थापन हा ज्याच्या त्याच्या बांधाआतील प्रश्न समजला जातो. किडीला मात्र बांध ठाऊक नसतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकाने फरदड टाळली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर पहिल्याचे श्रम पुढील हंगामात वाया जातात. म्हणून हा निर्णय ग्रामसभेचा आहे. त्याची अंमलबजावणी करणारे हातही गावातच तयार करावे लागतात, आणि त्याला काही वर्षे लागतात.

पुनुकुला या गावाचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यातील हे गाव आज तेलंगणात आहे. येथील मुख्य पीक कापूस. हिरव्या बोंडअळीत कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारक्षमता वाढत गेली, तशा फवारण्याही वाढल्या. औषधे उधार देणारा विक्रेताच सावकार आणि कापसाचा खरेदीदारही असल्याने कर्जाचे चक्र तुटत नसे. विषबाधा नित्याचीच झाली होती. 1999 मध्ये एका स्थानिक स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने मोजक्या शेतकऱ्यांनी रासायनिक कीटकनाशकांविना कीड व्यवस्थापन आरंभिले. पुरुष मंडळी साशंक होती. घरातील आजारपण आणि कर्ज ही दोन्ही ओझी वाहणाऱ्या बचत गटांतील महिलांनी मात्र आग्रह धरला. पुढे ग्रामपंचायतीने गाव कीटकनाशकमुक्त घोषित केले.

या बदलाची आर्थिक बाजू निंबोळीच्या हिशेबाने स्पष्ट होते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी 100 लिटर पाण्यास 5 किलो निंबोळी लागते. एकरी 200 लिटर द्रावण धरल्यास एका फवारणीस 10 किलो, तीन फवारण्यांस 30 किलो. समजा, गावात 500 एकर कापूस आहे. तर गरज 15 टनांची. एवढी निंबोळी ऐन हंगामात बाजारातून मिळेलच, असे नाही. ती पावसाळ्याच्या तोंडावर वेचणे, गर काढून सावलीत वाळवणे, बुरशी लागू न देता साठवणे आणि दळणे, ही सारी कामे माणसांची आहेत. कीटकनाशकांपोटी गावाबाहेर जाणारा पैसा येथे भूमिहीन कुटुंबांच्या मजुरीत उतरू शकतो. मात्र वेचणीचा दर आधी ठरला नाही, तर कोणी वेचणार नाही, हेही तितकेच खरे. नव्याने लावलेले कडुनिंबाचे रोप फळावर येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात, भरघोस फळधारणेस त्याहून अधिक. अर्थात, वार्षिक आराखड्याला येथे मर्यादा पडते; पाच-दहा वर्षांचा विचार अपरिहार्य ठरतो.

निंबोळी अर्क हा सर्व किडींवरील रामबाण उपाय नव्हे. प्रादुर्भाव ओळखणे, कामगंध सापळ्यांतील पतंग मोजणे, आर्थिक नुकसानीची पातळी पाहून निर्णय घेणे यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात. 2004-05 पासून आंध्र प्रदेशात बचत गटांच्या महासंघांमार्फत या पद्धतीचा विस्तार झाला, तेव्हा अनुभवी शेतकऱ्यांनाच मानधनावर शेजारच्या गावांत मार्गदर्शक म्हणून पाठविण्यात आले. शेतकऱ्याचे ऐकणारा शेतकरी लवकर भेटतो, एवढाच त्यामागील साधा विचार. आज कृषी सखींकडून हेच अपेक्षित आहे. परंतु त्यांच्या मानधनाची दीर्घकालीन तरतूद नसेल, तर प्रशिक्षणावरील खर्च व्यर्थ जातो.

बचत गटांनी तयार केलेला ग्राम दारिद्र्य निर्मूलन आराखडा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात समाविष्ट करण्याची सोय उपलब्ध आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी या टप्प्यावर गावातील कडुनिंबाची झाडे, कापसाखालील क्षेत्र आणि उन्हाळ्यात काम हवे असलेली कुटुंबे यांची गणना गटांकडून करवून घ्यावी. निंबोळ्या बहुतेक ठिकाणी जूनच्या सुमारास गळू लागतात. वेचणीचा दर, साठवणीची जागा आणि दळणाची जबाबदारी 1 मेच्या ग्रामसभेत निश्चित झाल्यास तयारीस महिनाभर मिळतो.