परिचर्येतील कामाची वाटणी

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊसशेती विपुल आहे, आणि पावसाळा लागला म्हणजे तेथील रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. नोंदणीकृत परिचारिकेने कोणते काम स्वहस्ते करावे व कोणते इतरांवर सोपवावे, या प्रश्नाचा विचार अशा एखाद्या रुग्णाच्या उशाशी बसून केल्यास अधिक उद्बोधक ठरेल.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. शास्त्रशुद्ध परिचर्येची या भागाला ओळख होऊन शतक उलटले आहे. तरीही आपल्या रुग्णकक्षात परिचारिकेला मिळणारा सर्वांत मोठा मदतनीस म्हणजे रुग्णाचा नातेवाईक. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. पाणी पाजणे, कूस बदलणे, लघवीचे भांडे देणे ही कामे तो करतो. कक्षसेवक व आया यांचीही मदत असते. ही मदत टाळणे शक्य नाही, आणि टाळण्याचे कारणही नाही.

परंतु घोणस चावलेल्या रुग्णाची परीक्षा पाहा. शिरेतील ताजे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवावयाचे व मग नळी एकदा कलती करावयाची. रक्त वाहिले तर ते गोठत नाही असे समजावयाचे. येथे नळी धुणे हे सर्वांत हलके काम वाटते. तथापि नळी साबणाच्या द्रावणाने धुतलेली असेल तर निरोगी रक्तही नीट गोठत नाही आणि निष्कर्ष फसवा निघतो. म्हणजे काम सोपविताना ते कसे करू नये, हेही सांगावे लागते.

मण्यार किंवा नाग यांच्या दंशात धोका निराळा असतो. विषाने पापण्या मिटू लागतात. नातेवाईक समाधानाने सांगतो, “आता शांत झोप लागली आहे.” त्यात त्याचा दोष नाही, त्याला केवळ “लक्ष ठेवा” एवढेच सांगितलेले असते. परिचारिकेने स्वतः रुग्णाला हाक मारून वर पाहावयास सांगितले व एका श्वासात आकडे मोजावयास लावले, तरच पापणीचा व श्वसनाच्या स्नायूंचा अशक्तपणा वेळीच ध्यानी येतो. हे काम सोपविता येत नाही. लघवी साठविणे मात्र सोपविता येते; तिचे माप व रंग परिचारिकेने पाहावा.

आपण उपस्थित असताना जे घडते ते आपल्या अनुपस्थितीतही घडावे अशी व्यवस्था लावणे हा परिचर्येचाच भाग होय, हा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये मांडला होता. आपल्याकडे त्याचा पहिला अर्धा भाग पुष्कळदा विसरला जातो. नोंदी लिहिण्यात गुंतलेली परिचारिका रुग्णाजवळ उपस्थितच नसते. मग ती सोपविणार तरी काय?

पाळी बदलताना म्हणूनच वही हाती देऊन थांबू नये. दोघींनी खाटेशी जाऊन रुग्णाला जागे करावे, त्याच्या पापण्या पाहाव्यात, आणि नातेवाइकाला रात्री काय सांगितले होते ते त्याच्याच तोंडून ऐकावे.