हात नव्हे, नजर बदलते!

लहानपणी रंगवलेले चिमुकले सैनिक पंचेचाळिशीत पुन्हा बाहेर काढणारे हौशी लोक ब्रिटनमध्ये कमी नाहीत. सैनिक रंगवायचे, टेबलावर टेकड्या-नद्या मांडायच्या आणि फासे टाकून लढाई खेळायची, असा हा छंद. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे या खेळाच्या नियमांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ मध्ये आले, तेव्हा त्यांनीही पंचेचाळिशी ओलांडली होती.

मात्र पहिल्याच संध्याकाळी अनेकांचा हिरमोड होतो. सैनिक जेमतेम २८ मिलिमीटर उंच. त्याचा डोळा रंगवताना ब्रश भलतीकडेच जातो. ‘आता पूर्वीसारखा हात राहिला नाही’ असे म्हणत डबा बंद होतो. पण बहुतेकदा दोष हाताचा नसतो, डोळ्यातल्या भिंगाचा असतो. वयाबरोबर ते ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी पुरेसे फुगत नाही.

वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटर अंतरासाठी असतो. बारीक रंगकाम करताना सैनिक मात्र २५ सेंटीमीटरवर धरला जातो. म्हणून चष्मा करताना हे अंतर आवर्जून सांगावे. भरपूर प्रकाश ठेवावा. त्याने डोळ्याची बाहुली आकसते आणि प्रतिमा रेखीव होते. मनगटे टेबलावर टेकवावीत, अधूनमधून दूर पाहावे, रंगाचा स्प्रे मोकळ्या हवेत मारावा.

हाताचा कंप वाढत असेल किंवा नजर अचानक अंधूक झाली, तर डॉक्टरांना दाखवावे. एरवी, चाळिशी लागली म्हणून तह करण्याचे कारण नाही.