कोअर बदलला, दाखला राहिला

अनेक क्लाउड सेवांच्या मुळाशी लिनक्स कर्नलमधले, आभासी यंत्रे चालवणारे केव्हीएम असते. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत ते आले. त्याच्या लेखी आभासी यंत्राचा प्रत्येक प्रोसेसर म्हणजे एक थ्रेड. कर्नलचा शेड्युलर कोणत्याही थ्रेडला मधेच थांबवतो (याला प्रीएम्प्शन म्हणतात) आणि पुढे भलत्याच कोअरवर उठवू शकतो. साध्या प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही.

आभासी प्रोसेसरला मात्र हे महागात पडते. इंटेलच्या चिपवर त्याची अवस्था व्हीएमसीएस नावाच्या कप्प्यात असते आणि तिचा काही भाग वापरणारा कोअर स्वतःपाशी धरून ठेवू शकतो. पूर्वी जुन्या शाळेचा दाखला निघाल्याशिवाय नव्या शाळेत नाव घालता येत नसे, तसे आधी जुन्या कोअरवर व्हीएमक्लिअर ही सूचना चालावी लागते.

आता कोडने विचारले, मी कोणत्या कोअरवर? उत्तर आले, तीन. तेवढ्यात शेड्युलरने थ्रेड उचलला आणि पाचवर बसवला. हातात उत्तर तीनच, आणि पुढची नोंद चुकीच्या कोअरच्या खात्यात. अशी चूक निवांत चाचणीत सहसा सापडत नाही. यंत्रावर ताण आला की उगवते. म्हणून कर्नलमध्ये एक तपासणी ठेवली आहे: प्रीएम्प्शन चालू असताना कोणी कोअरचा क्रमांक विचारला, तर ती लॉगमध्ये ओरडते.

सुरुवातीला केव्हीएम अशा कामात प्रीएम्प्शन सरळ बंद ठेवत असे. सुरक्षित, पण आडमुठे: तेवढा वेळ थ्रेडला झोपता येत नाही, मेमरीत नसलेल्या पानाची वाटही पाहता येत नाही. २००७ मध्येच, २.६.२३ मध्ये, केव्हीएमचे विकासक अवी किविटी यांचा तोडगा आला. थ्रेड काढताना आणि परत बसवताना शेड्युलरच केव्हीएमला कळवतो. कोअर बदललेला दिसला, की केव्हीएम जुन्या कोअरला निरोप धाडून व्हीएमक्लिअर करवून घेते.

उरतो आभासी यंत्रात शिरण्याआधीचा शेवटचा टप्पा. आधी प्रीएम्प्शन बंद, मग इंटरप्ट बंद, आणि त्यानंतरच अखेरची पाहणी: सिग्नल आला आहे का, कोणाची विनंती पडून आहे का? असेल तर माघार. हा क्रम मला फार देखणा वाटतो. पाहणी आधी केली, तर मधल्या फटीत आलेला निरोप हुकेल. या क्रमात उशिरा आलेला इंटरप्ट ताटकळतो आणि आत शिरताक्षणी प्रोसेसरला बाहेर खेचतो.

२०२४ मध्ये, लिनक्स ६.१२ पासून, रिअल-टाइम प्रीएम्प्शन मुख्य कर्नलमध्ये आले. तिथे साध्या स्पिनलॉकची (कुलपाची) वाट पाहतानासुद्धा थ्रेड झोपू शकतो. त्यामुळे प्रीएम्प्शन बंद करून असा लॉक घेणारी जुनी प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते.