शिकता शिकता कमावण्यात कमीपणा कसला?

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस नोंदीसाठी गटात हिंडताना लागणीच्या तारखेइतकीच मुलामुलींच्या शिक्षणाचीही चौकशी होते. बी. एस्सी., बी. कॉम. नाशिकात राहून कसंबसं निभतं. पुढे एम. एस्सी., एम. कॉम.ला पुण्याला पाठवायचं म्हटलं, की फीपेक्षा खोलीभाड्याचा आणि मेसचाच धसका बसतो. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. मेसवाला मात्र महिना भरला की हात पुढे करतो. या दोन हिशेबांचा मेळ बसत नाही, म्हणून चांगली हुशार पोरं पदवीनंतर घरी बसतात. मुलींचं तर विचारूच नका.

या अडचणीवर पूर्ण नाही, पण बराच आधार देणारी एक सोय आहे. पुणे विद्यापीठ 1949 साली स्थापन झालं. 2014 पासून त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आपला नाशिक जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. तिथे आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. विद्यार्थ्याने तासिका सांभाळून रोज दोन-तीन तास काम करायचं आणि तासावर मोजून मानधन घ्यायचं. काम कुठलं? विभागाच्या कार्यालयात नोंदी, टपाल, फायली लावणं, संगणकावर माहिती भरणं, ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव, प्रयोगशाळेत मदत, कुठे बागकाम. हजेरी मांडली जाते आणि भरलेल्या तासांचेच पैसे मिळतात.

हे सांगितलं की एखादे सभासद लगेच म्हणतात, “साहेब, आम्ही कारखान्याचे भागधारक. आमच्या पोरानं तिथं जाऊन फायली उचलायच्या? पाव्हणे काय म्हणतील?”

त्यांना माझं सांगणं असतं, “तात्या, ही योजना कुणी सायबानं काढलेली नाही. ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठीच जन्मली.” कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच तत्त्वावर. त्यांच्या वसतिगृहात राबून शिकलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. हाताला घट्टे पडले म्हणून त्यांचा मान कमी झाला नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांतही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कार्यालयीन सहायक म्हणून घेतात. कुणी प्रवेश विभागात, कुणी वसतिगृहाच्या कार्यालयात काम करतं. बाहेरदेशाहून गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. तिथे अशा काही जागांवर मासिक वेतनाबरोबर फीही माफ होते. आपल्याकडे तसं नाही, हे आधीच ध्यानात घ्यावं. ‘कमवा आणि शिका’च्या पैशातून सगळं शिक्षण होईल असं समजू नये. पण ऊसबिलाची वाट न पाहता मेसचा काही भार उचलला जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे मुख्य पीक नव्हे, आंतरपीक आहे. ऊस मोठा होईपर्यंत घरखर्चाला हात देणारं.

दुसरा फायदा पैशाइतकाच मोलाचा. अर्ज कसा लिहावा, पत्राला जावक क्रमांक कसा पडतो, फाईल कुठल्या टेबलावरून कुठे जाते, हे पुस्तकात शिकवत नाहीत. तहसील असो, बँक असो की कारखान्याचं ऑफिस, आपला माणूस खिडकीपाशी जाऊन अडतो तो इथेच. विद्यापीठाच्या कार्यालयात दोन वर्षं काढलेली मुलगी किंवा मुलगा असा अडत नाही, आणि घरच्यांनाही अडू देत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. प्रवेश झाल्याबरोबर महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला भेटावं. विद्यापीठात शिकत असल्यास विद्यार्थी विकास मंडळाकडे चौकशी करावी. जागा मोजक्या असतात, उशीर केला तर भरून जातात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा आणि बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर असावं. सध्याचा तासाचा दर आणि महिन्याला किती तास मिळतील, हे तिथेच विचारून घ्यावं. काम शक्यतो आपल्या विभागात किंवा ग्रंथालयात मागावं, म्हणजे जाण्यायेण्यात वेळ जात नाही. परीक्षेच्या तोंडावर तास कमी करावेत. पैशासाठी अभ्यास बुडाला तर सगळंच मुसळ केरात.

आणि एक विनंती. सुट्टीत घरी आलेल्या पोराला “किती मिळाले?” एवढंच विचारू नका, “काय शिकलास?” हेही विचारा. ज्या घरात बाप पहाटे दारं धरायला जातो, त्या घरातल्या पोरानं दुपारी दोन तास टेबलावर काम केलं, तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी