सायलेन्सर बदलल्यावर इंजिनचा लाईट लागला? आधी गॅस्केट बघा, मग सेन्सर

धरणगाव : गाडीचा मूळ बेंड पाईप आणि सायलेन्सर काढून बाहेरचा मोठ्या आवाजाचा सेट टाकायचा, अन् आठवडाभरात मीटरवर इंजिनचा पिवळा लाईट लागला की गॅरेजला चकरा मारायच्या, असं तालुक्यात बऱ्याच पोरांचं होतं. अ‍ॅव्हरेज उतरतं, उभ्या गाडीची रेस वरखाली होते, अ‍ॅक्सिलेटर सोडला की मागून फटाके फुटतात. कुणी म्हणतं इंजेक्टर साफ करा, कुणी म्हणतं ईसीएम गेला. महागडा ईसीएम बदलायच्या आधी पाईपाकडे बघितलेलं बरं.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या झाल्या. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि बेंड पाईपवर ऑक्सिजन सेन्सर बसला. जळालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सेन्सर सांगतो, आणि त्यावरून ईसीएम पेट्रोल कमी-जास्त करतो. साध्या पेट्रोलचं गणित एका किलोला १४.७ किलो हवा असं असतं.

आता बाहेरचा पाईप बसवताना जुनंच चेपलेलं गॅस्केट परत लावलं, किंवा एक नट जास्त अन् दुसरा कमी आवळला, तर हेडजवळ बारीक फट राहते. त्या फटीतून धूर बाहेर येतो तशी झटक्याझटक्याने बाहेरची हवाही आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं हवा जास्त, पेट्रोल कमी. ईसीएम बिचारा पेट्रोल वाढवत जातो. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो, पण सेन्सर मात्र ‘पेट्रोल कमी’ असंच सांगत राहतो. दोष पाईपात असतो अन् बिल सेन्सरचं निघतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना साबणाचं पाणी जोडावर लावायचं, गाडी चालू करायची, बुडबुडे येतात का बघायचं. जोडाभोवती काळी काजळी दिसली तरी तेच समजावं. नवीन गॅस्केट टाकून दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. साधं सिलिकॉन चोपडून फट बुजवू नये. त्याची वाफ सेन्सरवर बसते आणि चांगला सेन्सर कायमचा जातो.

त्यानंतर वायर. पाईपाला टेकून ती वितळलेली असते, कधी कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. सेन्सर ठीक असेल तर गरम इंजिनवर बहुतेक गाड्यांत त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा हलतो. एकाच आकड्यावर अडकला तर वायर किंवा सेन्सर बघावा. स्कॅनर असलेल्या गॅरेजात कोडही निघतो : पी०१३१ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०१३५ म्हणजे सेन्सरच्या हिटरची लाईन. फट राहिली असेल तर पी०१३१ येऊ शकतो, म्हणून नुसता कोड वाचून सेन्सर बदलू नये. बॅटरीची वायर काढून लाईट घालवणं म्हणजे ताप न बघता गोळी घेणं.

काही पाईपांना सेन्सरचं भोकच नसतं. मग सेन्सर वायरीला लटकत ठेवतात किंवा डमी लावतात. अशा वेळी ईसीएम ठरलेल्या आकड्यांवर अंदाजाने गाडी चालवतो. त्यात मोकळ्या पाईपाने पूर्ण अ‍ॅक्सिलेटरला मिश्रण पातळ झालं तर इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. पाळधीच्या हायवेला उन्हात ताणलेली गाडी अशीच बसू शकते. खरं ट्यूनिंग म्हणजे ईसीएमचा मॅप बदलणं. ते पाना घेऊन होत नाही. बीएस-४ च्या कार्बोरेटर गाडीला जेट बदलून भागायचं, तेच शहाणपण इथे चालत नाही.

मूळ सेटमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला की प्रदूषण वाढतं आणि वॉरंटी नाकारली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) प्रमाणे आवाज-प्रदूषणाचा नियम मोडल्यास १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. पुणे-नागपूरला पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आहेत.

काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात घालू नये. गोठ्यात माळ्यावर ठेवावा, तोंडाला कापडाचा बोळा लावून, म्हणजे उंदीर घर करत नाहीत. परत बसवताना गॅस्केट मात्र नवीनच.