रात्री सायकल चालवताय? आधी फोनच्या फ्लॅशने सायकलचा एक फोटो काढा

डिसेंबर-जानेवारीत आमच्या जळगावात रात्रीचे आठ वाजले की कॉलन्यांमधले रस्ते रिकामे व्हायला लागतात. कोपऱ्यावर शेकोटी, भोवती कानटोप्या, कुठून तरी भरिताच्या वांग्यांचा वास. मला सायकल चालवायला हीच वेळ आवडते. महाबळमधून निघायचं, मोहाडी रोडकडे एक चक्कर मारायची आणि जेवायला घरी.

गेल्या हिवाळ्यात मी सायकलला लाईट घेतला नव्हता. फोनला टॉर्च आहे की! तो चालू करून फोन जॅकेटच्या वरच्या खिशात उभा ठेवायचो. जॅकेट काळं, पँट काळी. एका रात्री मागून ब्रेकचा आवाज आला आणि मोटरसायकलचं चाक माझ्या कॅरिअरला लागलं. मी पडलो, कोपर सोललं. मोटरसायकलवाला माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. म्हणाला, "काय भो, दिसूनच नाही राहिला तू! लाईट तं लाव!"

मी म्हणालो, "लावलाय ना!" तेव्हाच चूक लक्षात आली. टॉर्च पुढे होता. मला रस्ता दिसत होता, पण मागच्याला मी दिसत नव्हतो. रात्री सायकलला ही दोन वेगळी कामं असतात, आणि दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे.

दोन सेकंदांचं गणित

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. गाडीचा लाईट डिपवर असेल, तर गडद कपड्यांतला माणूस बऱ्याचदा २५-३० मीटरवर आल्यावरच लक्षात येतो. म्हणजे चालवणाऱ्याकडे उरले दोन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद तर मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाण्यातच जातो! तेच तुम्ही १०० मीटरवरून दिसलात, तर त्याला सात सेकंद मिळतात. तो आरामात बाजूने जातो.

रिफ्लेक्टर चमकतो कसा?

मागच्या लाल रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही. त्याच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, खोलीत दोन भिंती आणि जमीन मिळून कोपरा होतो तसे. त्यात शिरलेला प्रकाश तीनदा आपटून जिकडून आला तिकडेच परत जातो. साधा आरसा तिरका धरला तर प्रकाश भलतीकडे फेकतो. रिफ्लेक्टर मात्र तो हेडलाईटकडे, म्हणजेच चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत पाठवतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला, तो याचसाठी.

आता फोन काढा

फोनमध्ये फ्लॅश आणि कॅमेरा अगदी जवळजवळ असतात, गाडीत हेडलाईट आणि डोळे असतात तसेच. म्हणून अंधारात सायकल उभी करा, मित्राला तिच्यावर बसवा, पंधरा पावलं मागे जा आणि फ्लॅश 'ऑन' करून फोटो काढा. फोटोत जे चमकेल, साधारण तेच मागच्या गाडीवाल्याला आधी दिसणार.

धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने हे करून फोटो पाठवला. रिफ्लेक्टर होता, पण फोटोत नुसता मळकट ठिपका. ओल्या फडक्याने धूळ पुसून पुन्हा फोटो काढला, तर निखाऱ्यासारखा लाल! खर्च शून्य रुपये.

मग फोनचा टॉर्च का नको?

• टॉर्चचा प्रकाश सगळीकडे पसरतो. सायकलच्या लाईटमधली भिंग किंवा आरसा तो रस्त्यावर नेमका पाडतो.
• फोन हातात धरला, तर एका हाताने ब्रेक नीट दाबता येत नाही.
• हँडलवर लावला, तर खड्ड्यांचे हादरे बसतात. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असं अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. सायकलचे हादरे वेगळे, पण जपलेलं बरं.
• थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. खानदेशातल्या ८-१० अंशांनी फोन बिघडत नाही, पण बॅटरी जुनी आणि चार्ज १५ टक्के असेल, तर टॉर्च आणि जीपीएस एकदम चालू असताना फोन अचानक बंद पडू शकतो. आणि नेमका तेव्हाच घरी फोन करायचा असतो.

शेकोटीच्या धुरात

थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. त्यामुळे धूर वर न जाता रस्त्यावरच तरंगतो. लाईट समोर सरळ असेल तर धूर उजळतो आणि आपलेच डोळे दिपतात. म्हणून पुढचा लाईट थोडा खाली वळवा. समोरून येणाऱ्यालाही त्रास होत नाही.

मी आता काय करतो

मागे यूएसबीवर चार्ज होणारा लाल लाईट, त्याखाली स्वच्छ रिफ्लेक्टर, पुढे पांढरा लाईट. पैसे एकाच लाईटपुरते असतील तर आधी मागचा घ्या. पेडलचे रिफ्लेक्टर काढू नका. ते वरखाली हलतात, त्यामुळे समोर सायकल आहे हे लांबूनच कळतं.

फोन आता खिशातच असतो. निघताना आईला व्हॉट्सअ‍ॅपवर एका तासाचं लाईव्ह लोकेशन पाठवतो. हेडफोन घरीच, कारण मागची गाडी आधी कानाला कळते. आणि संकटात ११२ लावायला बॅटरी शिल्लक असते.

आज रात्री निघण्याआधी तो एक फोटो काढा. फोटोत तुम्ही दिसला नाहीत, तर रस्त्यावरही दिसणार नाही.