ओठावरचं ‘ग्रहण’

अकलूज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? लावणी महोत्सव, साखर कारखाना, तुकोबांच्या पालखीचं रिंगण आणि किल्ल्यातली शिवसृष्टी. बरोबर! पण माळशिरस, माढा, इंदापूर पट्ट्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून बघा. तो सगळ्यात आधी सांगेल, ‘दवाखाने!’ एसटी स्टँडवर उतरून कुठल्याही दिशेला चालायला लागा, दर चार दुकानांनंतर एक पाटी दिसतेच. बालरोगतज्ज्ञ, प्रसूतिगृह, सोनोग्राफी, हाडांचा दवाखाना. आजूबाजूच्या कितीतरी गावांतली बाळं जन्माला येतात ती इथेच.

आणि जिथे इतकी बाळं जन्मतात, तिथे गणित आपलं काम करतंच. दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन साधारण ७०० ते ८०० जन्मांमागे एक बाळ येतं. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास जन्म होतात, म्हणजे अशी बाळं झाली तीस हजारांच्या घरात. दुर्मिळ म्हणावं तर दुर्मिळ, पण तुमच्या-माझ्या ओळखीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात एक तरी निघतंच.

आमच्या घरात निघालं. मी मूळचा अकलूजचा, नोकरीसाठी पुण्यात. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला मुलगी झाली. फॅमिली ग्रुपवर ‘लक्ष्मी आली’चा मेसेज आला, पेढ्यांचे इमोजी पडले, पण फोटो काही येईना. एरवी आमच्याकडे बाळ पुरतं रडायच्या आत फोटो फिरतो! दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज बारीक. ‘ओठ फाटलाय रे. टाळू पण.’

वीकेंडला घरी पोचलो, तर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आणि शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींचा प्रश्न हवेत तसाच लटकत होता. ‘गिरानात काय कापलं-चिरलं व्हतं का गं?’

ग्रहणाचा हिशेब

हा प्रश्न तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. गरोदर बाईने ग्रहणात विळी हातात घेतली, भाजी चिरली, तर बाळाचा ओठ फाटतो म्हणे! आणि ही समजूत फक्त आपली नाही बरं का. तिकडे मेक्सिकोतही गरोदर बायका ग्रहणाच्या वेळी कपड्यांना सेफ्टी पिन लावतात, बाळाच्या ओठाचा घास जाऊ नये म्हणून. प्राचीन अॅझ्टेक लोकांपासून चालत आलेली ही कल्पना. दोन टोकांची दोन माणसं एकच चूक करू शकतात, ती अशी.

खरं काय घडतं? गर्भात चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधोमध जुळतो. ओठ जुळतो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. काही कारणाने ही जुळणी अर्धवट राहिली की फट राहते. म्हणजे कित्येकदा आईला आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळेपर्यंत ओठाचा निकाल लागलेला असतो! वहिनीला ग्रहण लागलं होतं सहाव्या महिन्यात. हे मी सांगितलं नाही, तिनेच सांगितलं. डॉक्टरांकडून आठवड्यांचा हिशेब समजून घेतला आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर मांडला. ‘ओठ दुसऱ्या महिन्यातच तयार होतो. मग सहाव्या महिन्यातली विळी मागे जाऊन कशी कापेल?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग कारण काय? बहुतेक वेळा एकच एक बोट दाखवता येत नाही. थोडा भाग जनुकांचा, थोडा परिस्थितीचा. गरोदरपणातलं धूम्रपान, आकडीवरची काही औषधं, आईचा मधुमेह यांनी धोका वाढतो. फॉलिक अॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करावी, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. आणि आपल्याकडे आवडीने होणारी मामाच्या मुलीशी सोयरीक? जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात दोषांचा धोका एकूणच थोडा वाढतो. यात कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाहीये. पण चौकशी करायचीच असेल, तर निदान योग्य पत्त्यावर करावी!

आधी दूध, मग ऑपरेशन

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, ऑपरेशन लगेच करायचं, उद्याच्या उद्या. डॉक्टर म्हणाले, ‘आधी पोट भरायला शिका.’ टाळूला फट असली की बाळाला ओढ घेता येत नाही. तोंडात पोकळी बंदच होत नाही, मग दूध येणार कसं? बाळ तासभर चोखतं, दमतं, झोपतं आणि उपाशी राहतं. अशी बाळं ओठामुळे नाही, उपासमारीने आणि श्वासनलिकेत दूध गेल्यामुळे दगावतात. खरी लढाई ही आहे आणि ती ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, घरातल्या पलंगावर लढली जाते.

अकलूजच्याच एका सिस्टरने वहिनीला शिकवलं. आईचं दूध काढायचं, बाळाला जवळजवळ बसतं धरायचं आणि वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजायचं. मधे मधे ढेकर काढायची, कारण अशी बाळं हवा फार गिळतात. दर आठवड्याला वजन. घरात एक वही झाली, दुधाच्या वेळांची आणि वजनाची. आजवर एक्सेल शीट न उघडलेला माझा दादा त्यावरून आलेख काढायला लागला!

बाराव्या दिवशी बारसं झालं. कुणीतरी सुचवलं, फोटो काढताना दुपटं जरा वर घ्या. वहिनीने नाही घेतलं. तोच फोटो तिने ग्रुपवर टाकला. ओठ, नाक, सगळं जसंच्या तसं. ग्रुपवर बराच वेळ चिडीचूप. मग आत्याचा मेसेज आला, ‘डोळे अगदी बापावर गेलेत.’ त्यानंतर मात्र धो धो अभिनंदन!

दहा, दहा, दहा

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन मंडळींचा जुना, सोपा नियम आहे. वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १०. बाळाला पूर्ण भूल द्यायची असते, म्हणून ही तयारी. ही शस्त्रक्रिया म्हणजे दोन कडा जोडून टाके घालणं नव्हे. ओठाच्या आत गोल फिरणारा स्नायू असतो, तो चुकीच्या जागी चिकटलेला असतो. तो सोडवून मधोमध आणायचा, नाकपुडीला आकार द्यायचा, ओठाची किनार मिलिमीटरात जुळवायची. त्यासाठी लागतात लहान मुलांना भूल देणारे तज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा मुलांचे सर्जन आणि पुढची देखभाल. म्हणून अकलूजहून पुढे जावंच लागतं. सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुणं साधारण पावणेदोनशे.

टाळूची शस्त्रक्रिया त्यानंतर, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. इथे उशीर महागात पडतो. कारण मूल बोलायला लागण्याआधी टाळू बंद झाली, तर उच्चार स्पष्ट यायची शक्यता जास्त. नाहीतर ‘प’, ‘ब’, ‘क’ सगळे नाकातून निसटतात आणि ती सवय मोडणं फार कठीण.

पंढरपूरचा माणूस

हे सगळं आज ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या काळात शस्त्रक्रिया मोठ्या शहरांपुरती होती, तेव्हा गावाकडची अशी मुलं तशीच मोठी व्हायची. शाळेत जायची नाहीत, लग्नं ठरायची नाहीत. त्यांच्यासाठी ज्याने आपलं आयुष्य खर्ची घातलं, तो माणूस अकलूजपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर जन्मला होता. डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्म १९३० चा, पंढरपूरचा. प्लास्टिक सर्जन झाले, अमेरिकेत गेले आणि १९६८ पासून ‘इंडिया प्रोजेक्ट’ या नावाने भारतात येऊन मोफत शिबिरं घेत राहिले. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे, चेहऱ्यावरचे व्रण. त्यांच्या हाताचा वेग तर दंतकथाच!

अपघाताने शरीराला पक्षाघात आला, कर्करोगाने स्वरयंत्र गेलं, हृदयाने साथ सोडायला सुरुवात केली. तरी ते येतच राहिले. ज्याचा स्वतःचा आवाज गेला, तो माणूस दुसऱ्यांचे ओठ शिवत होता! त्यांच्या शिबिरांमधून झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा ६५ हजारांच्या वर सांगितला जातो. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने त्यांच्यासोबत शिबिरं भरवली आणि त्यांच्या पश्चातही चालू ठेवली.

शिबिरापासून योजनेपर्यंत

शिबिराची एक मर्यादा असते. तो मांडव उठतो. टाळूचं, बोलण्याचं, दातांचं काम मात्र वर्षानुवर्षं चालतं. म्हणून पुढचा टप्पा महत्त्वाचा ठरला. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर होता. तीच आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तीही महाराष्ट्रातच, पालघरला. यात डॉक्टरांची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. जन्मजात दोषांच्या त्यांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे, वाकडे पाय आहेत, हृदयाचे दोष आहेत. शिवाय ‘स्माइल ट्रेन’सारखी संस्था भागीदार रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत करते. ‘स्माइल पिंकी’ हा मिर्झापूरच्या मुलीवरचा लघुपट आठवतोय ना, २००९ चा ऑस्करवाला? तो याच कामावरचा.

आमच्या छकुलीच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. ओठावर एक बारीक रेघ आहे, वरच्या हिरडीचं काम आठ-दहा वर्षांची झाल्यावर. आता सुरू आहे स्पीच थेरपी आणि सगळ्यात मोठी अडचण हीच. सर्जनकडे दोनदा जावं लागतं, थेरपिस्टकडे वारंवार. ऊसतोडीवर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापाने प्रत्येक खेपेला मजुरी बुडवून पुणं कसं गाठायचं? बरीच मुलं इथेच गळतात. ओठ शिवला, फोटो छान आला, मग पुढे कशाला, असं म्हणून. व्हिडिओ कॉलवर थेरपीचा थोडाफार सराव होतो, तो आम्हाला उपयोगी पडला. पण त्यासाठी घरात स्मार्टफोन आणि वेळ असलेलं कुणीतरी लागतं.

हे माहीत असू द्या

• बाळाला दूध ओढता येत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. टाळू बोटाने आणि टॉर्चने तपासून घ्या. ओठ चांगला असूनही टाळूला फट असू शकते.
• अशा मुलांच्या कानात पाणी साठतं. कान तपासा, नाहीतर ऐकू कमी येतं आणि बोलणं आणखी मागे पडतं.
• हृदय आणि इतर अवयवांचीही एकदा तपासणी करून घ्या. काही बाळांत एकापेक्षा जास्त दोष असतात.
• रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला हाताशी ठेवा. योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो, थेट त्याच्याकडे जा.

आपण शहरात बसलेले, नेट हाताशी असलेले लोक यात काय करू शकतो? बरंच! गावाकडे ज्याला रुग्णालय शोधता येत नाही त्याला शोधून देऊ शकतो, फॉर्म भरून देऊ शकतो, थेरपीच्या दिवशी आपल्या वन-बीएचकेत एक रात्र मुक्कामाला जागा देऊ शकतो. आणि त्याही आधी एक गोष्ट, अगदी फुकटातली. अशा बाळाची बातमी आली, तर पहिला शब्द ‘अरेरे’ नको, ‘अभिनंदन’ हवा. आईला वाटी-चमचा हातात घ्यायचं बळ तिथून मिळतं.